पदरचा शब्द

दिवाळीची सुट्टी संपवून मी सांगलीला वसतिगृहावर परत आले, तेव्हा माझ्या उशीवर कॉलेजचा लिफाफा ठेवलेला होता. आत चार ओळी होत्या. सहामाही परीक्षेत इतिहासाच्या पेपरात मी नक्कल केल्याचा संशय आहे. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता प्राचार्यांच्या खोलीत हजर राहावे. सोबत पालकांना आणावे.

ही गोष्ट चौसष्ट सालची. आबा, म्हणजे माझे वडील, गेल्या फेब्रुवारीत वारले. त्या शुक्रवाराबद्दल मधल्या वर्षांत ते एकदाही बोलले नाहीत, म्हणून मीही कुणाला सांगितलं नाही. आता सांगायला हरकत घेणारं कुणी उरलेलं नाही.

चिठ्ठी माझ्या हातून चारुशीलानं घेतली. ती माझी खोलीतली सोबतीण, साताऱ्याच्या वकिलांची मुलगी. तिचा अभ्यास भिंतीवर असे. तांबड्या पेन्सिलीनं लढाया, निळ्यानं तह, आणि सगळ्यांना जोडणारे बाण. तिला कोणतीही गोष्ट चित्र काढल्याशिवाय समजत नसे, आणि एकदा काढलं की विसरत नसे.

"नक्कल? तू?" ती म्हणाली. "अगं, तुला दुसऱ्याच्या पेपरात बघायचं असेल तरी आधी तू त्याची परवानगी मागशील."

मी हसले नाही. ती पलंगावर माझ्याशेजारी बसली.

"मग आठल्ये सरांना विचार तरी, कशावरून म्हणताय."

दुसऱ्या दिवशी तासानंतर मी सरांना दाराशी गाठलं. मधुकर आठल्ये आम्हाला इतिहास शिकवत. कोरड्या स्वभावाचे, पण कुणाचं वाईट चिंतणारे नव्हते. ते हातातली पुस्तकं सावरत म्हणाले, "आक्काताई, तुमच्या पेपरात पुस्तकातली चार पानं आहेत. सारांश नव्हे, पानं. स्वल्पविरामासकट. छापखान्यानं सातारा खालसा झाल्याचं साल १८५८ छापलंय, तेही तुम्ही तसंच लिहिलंय. आणि पर्यवेक्षक म्हणतात, तुमचे पाय सारखे हलत होते आणि तुम्ही खाली पाहत होता. पायाशी काय होतं?"

"काही नव्हतं, सर."

"मग शुक्रवारी तसं सांगा," ते म्हणाले आणि निघून गेले.

पायाशी काय होतं ते मला सांगता आलं असतं. पण ते सांगायचं धैर्य नव्हतं, कारण त्यासाठी आबांचं जुनं काम सांगावं लागलं असतं.

मी बसून शिकू शकत नाही. पुस्तक घेऊन बसले की अक्षरं दिसतात, आत काही जात नाही. हे मला शाळेतच कळलं होतं. सांगलीला आल्यावर मी रोज पहाटे विश्रामबागेतल्या रस्त्यानं पुस्तक घेऊन चालायला लागले. पहिलं वाक्य वसतिगृहाच्या फाटकापाशी म्हणायचं. दुसरं लिंबाशी. तिसरं पाण्याच्या टाकीशी, चौथं पिठाच्या गिरणीच्या पायरीवर. एकेक वाक्य एकेका जागी ठेवत जायचं. परीक्षेत डोळे मिटले की मी पुन्हा फाटकापासून निघे, आणि प्रत्येक जागी ते वाक्य ठेवलेलं असे, जसंच्या तसं. बाकाखाली पाय चालत राहत. पाय थांबले तर रस्ता थांबे. इतिहास इंग्रजीत होता, त्यातले कितीतरी शब्द मला नीट समजतही नव्हते. तरी ते जागेवर असत.

हे मला आबांनी शिकवलं होतं. म्हणजे त्यांनी शिकवलं नाही, मी त्यांचं पाहिलं.

कुंडलला आमच्या घराकडे गावची येसकरी होती. कुणी वारलं की पाहुण्यांच्या गावोगाव सांगावा न्यायचा, सरकारी कागद पोचवायचे, वेशीवर जागायचं. काम पिढ्यान्‌पिढ्यांचं होतं आणि नाही म्हणायची सोय नव्हती. आबा एकदा सांगावा घेऊन पार जतपर्यंत चालत गेले होते, दोन दिवस. मी सहा वर्षांची असताना आई बाळंतीण होती, म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. तासगावकडच्या एका गावाला जायचं होतं. वाड्यातून चार वाक्यं मिळाली होती. मानसिंगराव मंगळवारी पहाटं वारलं. माती दुपारी हाय. थोरल्या लेकीला घेऊन या. तिला वाटंत सांगू नका.

आबा चालताना ही वाक्यं पुटपुटत होते. वाकड्या बाभळीपाशी पहिलं, ओढ्यातल्या सपाट दगडावर दुसरं. त्या गावी पोचल्यावर ते उंबऱ्यापासून लांब उभे राहिले, डोळे मिटले, आणि चारही वाक्यं जशीच्या तशी बाहेर आली. आत रडणं सुरू झालं. एक म्हातारा बाहेर येऊन म्हणाला, "कशानं गेलं रं?"

"मला एवढंच सांगितलंया," आबा म्हणाले.

"आजारी हुतं का?"

"मला एवढंच सांगितलंया, धनी."

मानसिंगराव विहिरीत सापडले होते. साऱ्या गावाला ठाऊक होतं, मलाही होतं. परतताना मी आबांना विचारलं, तुम्ही का नाही सांगितलं. ते ओढ्यातल्या दगडावरून पलीकडे गेले. मग म्हणाले, "तुज्या आज्यानं एकदा सांगितलं हुतं. कुनी इचारलं, त्येनं खरं ते सांगितलं. वाड्यावर कळलं. गाडीच्या जुवाला बांधून पाठीची सालं काढली त्येची. निरोपात पदरचा शब्द घालायचा न्हाई, पोरी. वाईट असंल तरी न्हाई, चांगला असंल तरी न्हाई. चुकीचं सांगितलं असंल तर चुकीचंच पोचवायचं."

छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो. आबांनी येसकरी सोडली, घुंगरांची काठी विहिरीत टाकली आणि कारखान्यात ओझी उचलायला जाऊ लागले. त्या कामाचं नावही त्यांना घरात चालत नसे. पाहुण्यांपैकी कुणी जुन्या आठवणी काढल्या तर ते उठून बाहेर जात.

सातारा १८४८ साली खालसा झालं, हे मला चांगलं माहीत होतं. पुस्तकात १८५८ होतं, म्हणून मी १८५८ लिहिलं. ते बदलावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

शुक्रवारपर्यंत तीन दिवस होते. चारुशीलानं तर्क लढवला, "ते तुला तोंडी विचारणार. त्यांच्यासमोर ती पानं म्हणून दाखव, संपलं."

"त्यांच्यासमोर बसावं लागेल."

"मग बस."

"पाय हलवता येणार नाहीत. पायांवरच तर संशय आहे."

तिनं मला खुर्चीवर बसवलं आणि परकराची नाडी काढून माझे दोन्ही घोटे खुर्चीच्या पायाला बांधले. पुस्तक उघडून समोर बसली. "हं. पान एकशे बारा."

मी डोळे मिटले. फाटक दिसलं. लिंबाकडे निघाले आणि रस्ता तिथंच संपला. पुढे पांढरं, चुना लावल्यासारखं. घोट्यांपासून गारवा वर चढत गेला. दोन दिवस आम्ही हे केलं. दुसऱ्या दिवशी मला पहिलं वाक्यही येईना. चारुशीला नाडी सोडताना म्हणाली, "माझा तक्ता पाठ करून बघतेस का?" मी तिच्या भिंतीकडे पाहिलं. बाण कुठून कुठे जातात ते मला कळेना.

नक्कल ठरली तर वर्ष जाईल, फीमाफी जाईल, मी घरी जाईन. याची भीती होतीच. पण त्याखाली दुसरी होती. आमच्या वस्तीतून कॉलेजात आलेली मी पहिली मुलगी. माझ्यामागं शाळेत चार जणी होत्या, त्यांतली जाईबाई मॅट्रिकला बसणार होती. मी चोर ठरून परत गेले, तर त्यांच्या घरांतून त्यांना कुणी एस.टी.त बसवणार नव्हतं. त्या चौघींची तोंडं मला भर दुपारी वर्गात दिसत.

आबांना मी कार्डावर एवढंच लिहिलं होतं: शुक्रवारी नऊला स्टँडवर उतरा, कॉलेजात बोलावलंय. ते उतरले तेव्हा धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. माझ्याकडे पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"बक्षीस हाय का काय गं?"

मला तिथंच बसावंसं वाटलं. स्टँडपासून विश्रामबागेपर्यंत आम्ही चालत निघालो, आणि चालता चालता मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, पानं, साल, पाय. शेवटी विचारलं, "आबा, मी पाठ कसं करते ठाव हाय का तुमास्नी?"

"कसं?"

मी लिंब, टाकी, गिरणी सांगितली. ते चालायचे थांबले. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्यांचा चेहरा मी आजवर तसा पाहिला नव्हता. घरात साप दिसल्यावर माणूस जसं उभं राहतं, तसे ते उभे होते.

"म्या ते सोडलं," ते हळू म्हणाले. "काठी टाकली हिरीत. आठ वरसं तोंडानं नाव घेतलं न्हाई. आन तू तेच उचललंस?"

"मला दुसरं येत न्हाई, आबा."

"कवा शिकलीस?"

"तासगावच्या वाटंला. तुमच्या संगं."

ते पुन्हा चालू लागले, माझ्यापुढे, भराभर. कॉलेजचं फाटक दिसायला लागलं तेव्हा वळून म्हणाले, "तितं ते बोलू नगंस. काय बी सांग. त्ये तेवडं सांगू नगंस."

मी मान हलवली. आता माझ्याजवळ सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

प्राचार्यांच्या खोलीत मोठं टेबल होतं. त्यामागं प्राचार्य, बाजूला आठल्ये सर, समोर दोन खुर्च्या. प्राचार्यांनी आबांना बसायला सांगितलं. आबा खुर्चीच्या कडेवर टेकले, टोपी गुडघ्यावर. प्राचार्यांनी त्यांचं नाव विचारलं. "हरिबा," ते म्हणाले, आणि पुढे काही नाही.

आठल्ये सरांनी पुस्तक उघडलं. "मी पहिलं वाक्य वाचतो. तुम्ही पुढे म्हणा. येत असेल तर प्रश्न मिटला."

त्यांनी वाक्य वाचलं. मी पाय जमिनीवर घट्ट दाबून बसले होते. फाटक आलं. लिंब आला नाही. सरांनी तेच वाक्य पुन्हा वाचलं, सावकाश.

"घाबरू नका," प्राचार्य म्हणाले.

मी तोंड उघडलं. लिंबाच्या जागी पांढरंच होतं. ही सगळी खरंच मी नक्कल केली असेल का, असं त्या क्षणी माझं मलाच वाटून गेलं.

"चार पानं कशी पाठ केलीत, ते तरी सांगा," सर म्हणाले.

आबांकडे न पाहता मी मान खाली घातली.

सरांनी पुस्तक मिटलं. "सर, मला वाटतं, पुरे."

"सायेब." आबा उभे राहिले होते. टोपी हातात चुरगळली होती. "तिला उबी करा."

"काय म्हणता?"

"उबी करा आन चालू द्या. बसून न्हाई यायचं तिला."

आठल्ये सरांनी चष्मा काढला. "परीक्षा चालत चालत देतात का, हरिबा?"

"न्हाई, सायेब. म्हून तर पाय हलत्यात."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहून हातानं खूण केली. मी उठले. कपाटापासून खिडकीपर्यंत सात पावलं होती. पहिल्या फेरीत काही झालं नाही. दुसऱ्या फेरीत, खिडकीशी वळताना, लिंब आला. मग टाकी, गिरणी, गिरणीपुढचा सायकलवाला. मी म्हणत गेले. एकशे बारा, एकशे तेरा. आवाज माझा होता पण मी त्यात नव्हते, मी रस्त्यावर होते. सातारा १८५८ साली खालसा झालं, हे वाक्य रेल्वेच्या रुळांपाशी होतं, तेही उचललं. प्राचार्यांनी हात वर केला तेव्हा मी वाक्याच्या मध्ये होते. मधे थांबता येईना. वाक्य पूर्ण करून मगच थांबले.

मग प्राचार्य आबांना म्हणाले, "असं पाठ करायला हिला कुठल्या मास्तरांनी शिकवलं?"

आबांना सांगता आलं असतं, मला ठाव न्हाई. त्यांनी मला तेच बजावलं होतं. ते टेबलाच्या कडेकडे पाहत राहिले.

"म्या," ते म्हणाले. मग थांबून, "म्या गावचा येसकर हुतो. मयताचं सांगावं न्ह्यायचो. असंच न्ह्यायचो, वाटंवर ठेवत. आता न्हाई, छप्पन साली सोडलं."

विचारलं होतं त्यापेक्षा ते चार वाक्यं जास्त बोलले होते. बोलून झाल्यावर त्यांनी खांदे थोडे वर ओढून घेतले आणि पाठ ताठ केली. पाठीवर काय पडेल याची ते वाट पाहत होते, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

काही पडलं नाही. प्राचार्य म्हणाले, "बसा, हरिबा." आबा बसले नाहीत.

आठल्ये सर माझ्याकडे वळले. "सातारा खालसा कधी झालं?"

"१८४८ साली, सर."

"मग हे?"

"पुस्तकात तसं आहे."

"चूक आहे हे ठाऊक असून तुम्ही तसं लिहिलंत?"

"हो, सर."

ते प्राचार्यांकडे वळून बोलू लागले. त्यांचा आवाज कठोर नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. "सर, यांनी नक्कल केलेली नाही. माझी खात्री पटली. पण हे उत्तरही नाही. हे ग्रामोफोनच्या तबकडीनंसुद्धा केलं असतं." मग मला म्हणाले, "शेजारच्या खोलीत बसा. पुस्तक इथं राहील. सातारा खालसा झालं, त्यानं कुणाचं काय बदललं, याबद्दल तुम्हाला काय वाटतं ते लिहा. मराठीत लिहिलंत तरी चालेल. एक तास. त्याचे गुण धरीन."

तुम्हाला काय वाटतं. मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. शेजारच्या खोलीत एक बाक आणि एक टेबल होतं. मी दार लावून घेतलं आणि चालू लागले, पण या वाक्याला ठेवलेली जागा कुठंच नव्हती. लिंबाशी जाऊन पाहिलं, टाकीशी पाहिलं. कुणीतरी आधी सांगितल्याशिवाय तिथं काही असणार तरी कसं? अर्धा तास गेला. मला सारखी ती जुवाला बांधलेली पाठ दिसत होती, जी मी कधी पाहिली नव्हती.

मग मी बसले. का ते आजही नीट सांगता येणार नाही. चालून चालून जागा संपल्या, एवढंच. बसले आणि मनात आलं, साताऱ्याला राजा होता तेव्हा आमच्या घरातला कुणीतरी कागद घेऊन साताऱ्याला जायचा. राजा गेला, कंपनीचं राज्य आलं, तरी कागद नेणारा तोच राहिला आणि उंबऱ्यापासून तेवढ्याच लांब उभा राहिला. हे पुस्तकात नव्हतं. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी एक पान भरलं. साल १८४८ लिहिलं.

सरांनी ते तिथंच उभ्या उभ्या वाचलं. एका ठिकाणी पेन्सिलीनं रेघ मारली.

"वीसपैकी सात," ते म्हणाले. "पास होण्यापुरते. आधीच्या उत्तराला मी पंधरा दिले होते, नंतर मनात शंका आली." मग पान घडी घालून पेपरात ठेवलं. "जा तुम्ही. कारवाई नाही. पाय हलतात, असं मी पर्यवेक्षकांना सांगून ठेवीन."

आबा फाटकाबाहेर उभे होते. त्यांना आत झाडाखाली बसायला शिपायानं सांगितलं होतं, तरी ते बाहेरच थांबले होते. "ऱ्हायले कॉलेजात," मी म्हटलं. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. आम्ही स्टँडच्या दिशेनं चालू लागलो. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "काय लिवलंस?"

त्यांना सगळं जसंच्या तसं ऐकायचं होतं, हे मला कळलं. मी आठवायला गेले आणि एकही वाक्य हाताला लागेना. तासाभरापूर्वी मीच लिहिलेलं होतं.

"शब्द न्हाईत ध्यानात, आबा. आपल्यातला कागद न्हेणारा कुनी हुता, त्याचं लिवलं. राजा गेला तरी त्याचं काय बदललं न्हाई, असं."

आबा थांबले. मला वाटलं, आता रागावतील. हा तर उघड उघड पदरचा शब्द होता, आणि तोही त्यांनी विहिरीत टाकलेल्या कामाबद्दल, चारचौघांच्या कागदावर.

"नाव घातलंस त्याचं?"

"कुनाचं?"

"कागद न्हेणाऱ्याचं."

"मला ठाव न्हाई."

"धुळा," आबा म्हणाले. "माज्या आज्याचा बा. साताऱ्याला त्यो जायचा." त्यांनी मागं वळून कॉलेजच्या फाटकाकडे पाहिलं. "जा, घालून यी. म्या थांबतो हितं."

"पेपर दिला, आबा. आता कसं घालायचं?"

"इचारून तर बघ. एकच तर शब्द हाय." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "मारत्यात का काय?"

ते हसत नव्हते. त्यांना उत्तर हवं होतं.

"न्हाई, आबा. मारत न्हाईत," मी म्हटलं, आणि परत फिरले.